मधल्या रानाची रुंदी

नाना गेले त्याला आता दोन वर्षं झाली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात हसण्यासारखंच जास्त आहे आणि वाचता वाचता मध्येच कुणी चेहरा लांब करू नये.

मी जळगावात एका डाळ मिलमध्ये नोकरी करतो. आलेल्या मालात ओलावा किती आहे ते मोजायचं, हे माझं काम. साडेनऊ टक्के की दहा, यावरून गाडी आत घ्यायची की परत पाठवायची ते ठरतं, त्यामुळे दशांश चिन्हाच्या पुढचा आकडाही मी जपून लिहितो. ही सवय घरापर्यंत येते. दूधवाल्यापासून गॅसच्या टाकीपर्यंत सगळ्याची नोंद माझ्या वहीत असते आणि आमच्या घरात त्यावरून माझी चेष्टाही चालते. ही चेष्टा पिंप्राळ्यातल्या आमच्या कॉलनीत पसरली असावी, कारण नाना माझ्याकडे आले ते तिच्याच वाटेनं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्यापासून तिसऱ्या घरात एक निवृत्त जोडपं राहायला आलं होतं. एका रविवारी सकाळी त्यातले आजोबा दारात उभे. सत्तरीचे, सडपातळ, पांढरा शर्ट, खिशाला एका टोकाला लाल आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल, आणि काखेत घडी केलेला मोठा कागद.

“भाऊ, तुम्ही आकड्यांचे माणूस आहात असं ऐकलं. एक बेरीज तपासून द्याल का?”

कागद टेबलावर पसरला. सात पाड्यांची नावं, प्रत्येकासमोर क्षेत्र, एकर आणि गुंठ्यांत. चाळीस गुंठ्यांचा एकर धरून हातचे घेत मी बेरीज केली आणि तीन गुंठ्यांचा फरक निघाला. त्यांनी पेन्सिलीची लाल बाजू काढून तिथल्या तिथे दुरुस्ती केली, बाजूला छोटी सही केली आणि तारीखही घातली. मला माणूस आवडला. मग माझी नजर शेवटच्या रकान्यात गेली. तिथे शेरा होता: ‘झाडे जागा बदलतात. क्षेत्र सकाळचे.’

“नाना, हे कुठल्या तालुक्यात येतं?”

“येत नाही.”

“म्हणजे वनखात्याकडे?”

“कुणाकडेच नाही. हे रान नाहीच आहे, भाऊ.” ते शांतपणे कागदाची घडी घालत म्हणाले, “पण नाही म्हणून काय त्याची बेरीज चुकीची ठेवायची?”

मी त्यांच्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

नाना भूमापक होते. सगळी नोकरी धुळे जिल्ह्यात झाली. साक्री, शिरपूर, सातपुड्याच्या पायथ्याची गावं. लोखंडी साखळी घेऊन शेतं मोजायची, हद्दीचे दगड रोवायचे, दोन्हीकडच्या लोकांच्या शिव्या खायच्या आणि नकाशा करून द्यायचा. तेहतीस फुटांची साखळी, तेहतीस बाय तेहतीसचा गुंठा, हे त्यांच्या अंगात इतकं भिनलं होतं की लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर ते नवरा-नवरीच्या आधी जागा बघत आणि कानात सांगत, “पावणेसहा गुंठे. जेवणाच्या बाजूला थोडा तिरका आहे.” साखळीची एक कडी त्यांनी किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली होती. चालताना ते पावलं मोजत. बोलता बोलताही मोजत. वाटेत कुणी भेटलं की एक बोट वर करून थांबवत, “एकशे चौतीस,” असं स्वतःशी पुटपुटत आणि मग म्हणत, “हं, बोला.”

पण हे सगळं बाहेरचं. आतमध्ये त्यांचं खरं खातं होतं ते मधल्या रानाचं.

खैरगड आणि चांदवेल अशी दोन राज्यं. दोन्हींच्या मध्ये हे रान. ते कुणाचंच नाही. त्याचा इतिहास नानांनी एका लांब, कापडी पाठीच्या रजिस्टरमध्ये लिहिला होता, सरकारी भाषेत, परिच्छेदांना क्रमांक घालून. रानाची उत्पत्ती पहिल्या प्रकरणात. दोन्ही राजांनी हद्द ठरवायला माणसं पाठवली. दोन्ही बाजूंनी दगड रोवत ती एकमेकांकडे निघाली. रात्री मुक्काम केला आणि सकाळी उठून बघतात तर हद्दीच्या दगडांना पालवी फुटलेली. आठवड्यात तिथे रान झालं. ‘सबब हद्द कायम करता आली नाही,’ असा त्या प्रकरणाचा शेवट.

दुसऱ्या प्रकरणात कंदीलवाले. हे रानात राहणारे लोक. रानात दुपारी अंधार पडतो आणि मध्यरात्री लख्ख उजेड असतो, म्हणून ते दिवसा कंदील लावून फिरतात. तिथे एक विहीर आहे, ती आज मारलेल्या हाकेला उद्या ओ देते. त्यामुळे कंदीलवाले शहाणे झाले आहेत, उद्या लागणारं काय ते आजच विचारून ठेवतात.

माझा स्वभाव मेला शंकेखोर. मी एकदा विचारलं, “नाना, दिवसभर अंधार असेल तर धान्य पिकत नसणार. मग हे लोक खातात काय?”

नाना थबकले. “हे नोंदवलेलं नाही,” ते म्हणाले. “जागेवर जाऊन बघावं लागेल.”

हे त्यांचं आवडतं वाक्य. पण जागेवर जाणं म्हणजे काय ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते घरात गेले. चपला काढून कॅनव्हासचे बूट घातले, नाड्या आवळल्या, डोक्यावर टोपी ठेवली. मग अंगणातल्या कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर ताठ बसून डोळे मिटले. मंगलकाकू, म्हणजे नानांच्या पत्नी, चहा घेऊन बाहेर आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, “आता हाक मारू नका. साइटवर गेलेत.”

“बूट कशाला?”

“काटे असतात म्हणे.”

मी घड्याळ लावलं. सात मिनिटांनी नानांनी डोळे उघडले. “भगर,” ते म्हणाले. “पण मीठ घालत नाहीत.” चहाचा घोट घेतला, पेन्सिल काढली आणि नोंद केली. मग वाकून बुटाच्या नाडीत अडकलेलं काहीतरी झटकलं. मी शपथेवर सांगतो, मी वाकून बघितलं. काही नव्हतं.

त्यांच्या रानाचा एक फायदा मात्र कॉलनीला झाला आणि तो मी डोळ्यांनी पाहिला. आमच्या समोरच्या ओळीत कापडाचे व्यापारी असलेले शेठजी आणि त्यांच्या शेजारचे एक मास्तर यांच्यात कंपाउंडच्या भिंतीवरून वाद पेटला. फरक नऊ इंचांचा. दोघंही दोन महिने एकमेकांकडे पाठ करून स्कूटर लावत. शेवटी मोजणीचे जाणकार म्हणून नानांना बोलावलं. नानांनी मोजलं आणि नऊ इंच कुणाचे तेही त्यांना कळलं, असं मला त्यांच्या तोंडावरून वाटलं. पण सांगितलं नाही. म्हणाले, “मधल्या रानाचा नियम लावू. हे नऊ इंच कुणाचेच नाहीत. यात जे उगवेल त्यावर दोघांचा हक्क.”

“पण नाना, कागद काय म्हणतो?” शेठजी.

“कागद म्हणतो भांडा. रान म्हणतं कढीपत्ता लावा.”

मास्तर हसले, मग शेठजींनाही हसावं लागलं. कढीपत्ता लावला. आज ते झाड पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागलं आहे आणि अख्खी ओळ त्याचीच पानं फोडणीला नेते.

आता मूळ अडचणीकडे येतो. त्या रजिस्टरात अकरा प्रकरणं होती आणि बारावं नव्हतं. पानं कोरी. मी पहिल्या वर्षी विचारलं तेव्हा नानांनी विषय बदलला. दुसऱ्या वर्षी काकूंनीच सांगून टाकलं.

रान नानांच्या एकट्याचं नव्हतं. ते त्यांचं आणि त्यांच्या थोरल्या बहिणीचं, अक्कांचं. लहानपणी भडगावला दोघांनी मिळून रचलेलं. खैरगड नानांचं, चांदवेल अक्कांचं. अक्कांनी लग्न केलं नाही, गावात बालवाडी चालवली आणि त्या आईवडिलांच्याच दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. नाना नोकरीला लागले तरी रानाचा कारभार पत्रानं चालू होता. त्याचा पहिलाच नियम होता: दोन्ही राज्यांच्या पंचांची सही असल्याशिवाय रानात काही घडलं असं धरू नये. म्हणजे नाना लिहीत, रजिस्टर भडगावला नेत, अक्का वाचून, खोडून, भर घालून सही करत. मग तो इतिहास. अकरा प्रकरणं अशी झाली. प्रत्येकाखाली डाव्या बाजूला नानांची बारीक सही आणि उजव्या बाजूला अक्कांचं ठसठशीत, बालवाडीच्या फळ्यावरचं असावं तसं अक्षर.

पाचव्या प्रकरणात लढाई होती. दोन्ही राजांनी एकाच दिवशी सैन्य रानात घातलं. खैरगडचं सैन्य तीन दिवस चाललं, चांदवेलचं पाच दिवस. आत दोघांची गाठच पडली नाही. खैरगडवाले बाहेर निघाले ते थेट चांदवेलमध्ये आणि चांदवेलवाले खैरगडमध्ये. समोर कुणी लढणारं नाही, शेतं मात्र नांगरून तयार. पेरणीचे दिवस. दोन्ही सैन्यांनी तलवारी बांधावर ठेवल्या आणि पेरणी केली. ती तिथेच राहिली. तेव्हापासून खैरगडातले लोक मूळचे चांदवेलचे आणि चांदवेलमधले मूळचे खैरगडचे आहेत, आणि पुन्हा लढाई झाली नाही, कारण कुणी कुणाला मारायचं हे ठरेना. मला हे प्रकरण फार आवडतं. मी ते मिलमध्ये जेवणाच्या सुट्टीत सांगितलेलंही आहे.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना नानांना काय अवदसा आठवली कोण जाणे. त्यांना ते तीन दिवस आणि पाच दिवस खुपायला लागले. एक रान, एक रुंदी. इकडून तीन आणि तिकडून पाच कसे? आयुष्यभर लोकांच्या जमिनी चोख मोजल्या आणि आपलीच जमीन अशी वेडीवाकडी. त्यांनी बसून रानाची मोजणी केली, अर्थातच बूट घालून. रुंदी सहाशे चाळीस साखळ्या. नकाशात सरळ रेघ मारली, दोन्ही टोकांना दगड दाखवले आणि खाली लिहिलं ‘हद्द कायम’. मग भडगावला टपालानं रीतसर नोटीस पाठवली: हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी.

अक्कांचं पोस्टकार्ड चौथ्या दिवशी आलं. त्यावर दोनच शब्द होते. ‘हरकत आहे.’

आणि नानांनी, सख्ख्या भावानं, उलट टपाली कळवलं: ‘कारण नमूद नसल्याने हरकत फेटाळण्यात येत आहे.’

“ही अक्कल!” काकू कपाळावर हात मारून मला म्हणाल्या. “ऑफिसात लोक यांना साधे म्हणायचे.”

त्यानंतर अक्का रानाविषयी बोलल्या नाहीत. बाकी सगळं चालू राहिलं. राखी, भाऊबीज, दुखणीखुपणी, एकमेकांकडे जाणं येणं. पण नानांनी रजिस्टर काढलं की अक्का उठून स्वयंपाकघरात जात. सतरा वर्षं, अठरा वर्षं, एकोणीस वर्षं. नाना माफी मागायला तयार होते, पण आकडा मागे घ्यायला तयार नव्हते. “चूक दाखवा,” म्हणत. “चूक असेल तर कमी-जास्त पत्रक भरतो.” कमी-जास्त पत्रक म्हणजे नकाशातला बदल नोंदवण्याचा कागद. तो त्यांनी छापील नमुन्यासारखा हातानं आखून रजिस्टरात ठेवलाही होता. कोरा. त्या कोऱ्या कागदाकडे बघताना मात्र त्यांच्या तोंडावरचं हसू जायचं. मी नानांना उदास पाहिलं ते तेवढंच.

तीन वर्षांपूर्वी अक्कांना ऐंशीवं वर्ष लागणार होतं. नाना पंचाहत्तरीचे. एका संध्याकाळी रजिस्टर घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, “भाऊ, ऐंशी पूर्ण व्हायच्या आत बारावं प्रकरण व्हायला हवं. नाहीतर हे असंच अर्धवट राहील. मी गेलो की पोरं रद्दीत नाही टाकणार, पण कपाटात ठेवतील. तेही तेच. तुम्ही एकदा आकडे बघा.”

मी दोन संध्याकाळ बसलो. कॅल्क्युलेटर लागलाच नाही. सहाशे चाळीस साखळ्या गुणिले तेहतीस म्हणजे एकवीस हजार एकशे वीस फूट. म्हणजे बरोबर चार मैल. दोन कोस.

“नाना,” मी म्हणालो, “दोन कोस ओलांडायला सैन्याला तीन दिवस लागले? आमची कामवाली रोज एवढं चालते.”

नाना कागदाकडे बघत राहिले.

“तुमचा आकडा बरोबर धरला तर दोन्ही सैन्यं खोटी पडतात. तीन दिवस खरे धरले तर चांदवेलचं खोटं पडतं. सैन्यं आधी लिहिलीत, दोघांच्या सहीनं. रुंदी नंतर लिहिलीत, एकट्याच्या सहीनं. आमच्याकडे असा माल आला तर आम्ही पहिला नमुना खरा धरतो आणि मीटर तपासायला पाठवतो.”

नानांनी गुणाकार पुन्हा एकदा करून बघितला. मग पेन्सिल खिशाला लावली आणि म्हणाले, “ही हरकत कारणासह आहे.”

पुढच्या रविवारी माझ्या गाडीतून भडगावला निघालो. काकूंचा गुडघा दुखत होता, त्या आल्या नाहीत. डब्यात मेथीचे लाडू दिले आणि मला बजावलं, “सही घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. दोघांनीही.” दारापासून दारापर्यंत एकसष्ट किलोमीटर आणि चारशे मीटर. नाना वाटेत पाचोऱ्यापर्यंत किलोमीटरचे दगड मोजत बसले. त्यानंतर म्हणाले, “इथून पुढे रस्ता रुंद केलाय.” बस्स.

अक्का ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. ठेंगण्या, गोल चष्मा, पांढऱ्याशुभ्र केसांची घट्ट वेणी. मला बघून म्हणाल्या, “हाऊ कोण शे?”

“शेजारचे भाऊ आहेत,” नाना म्हणाले. “डाळ मिलमध्ये असतात.”

“बस भाऊ. डाळ कशी शे औंदा?”

डाळीवर बोलणं झालं, गुडघ्यांवर झालं, लाडवात गूळ कमी पडल्यावर झालं. चहा झाला. नाना पिशवीला हात लावत आणि काढून घेत. शेवटी त्यांनी रजिस्टर बाहेर काढलं तशा अक्का उठल्याच.

“अक्का, थांब. हरकत आलीय.”

“कोणी?”

“या भाऊंनी. म्हणतात, मी मोजलेली रुंदी धरली तर दोन्ही सैन्यं खोटी पडतात.”

अक्का वळल्या. माझ्याकडे नीट बघितलं, वर्गात नव्या मुलाकडे बघावं तसं. आणि पदर तोंडाला लावून अशा हसल्या की ओट्यावरच्या लसणाच्या साली उडाल्या. खाली बसल्या, रजिस्टर ओढून घेतलं, सहाशे चाळीसच्या रेघेवर बोट ठेवलं.

“बठ्ठा आकडा बरोबर शेतस तुना,” त्या नानांना म्हणाल्या. “पण रान कोठे शे रे आठे?”

आकडे सगळे बरोबर, पण यात रान कुठे आहे? नानांनी मान खाली घातली. मग हळूच, पण हट्टानं म्हणाले, “ते खरं. पण एका रानाला दोन रुंद्या कशा असतील, अक्का? तू कारणच दिलं नाहीस. दोन शब्द लिहिलेस.”

“तुले याद नही?”

“काय?”

अक्कांनी पुढे जे सांगितलं ते मी साध्या मराठीत देतो. त्यांच्या खान्देशी बोलीचा गोडवा मला लिहिता येणार नाही.

त्या म्हणाल्या, घरातून गिरणा नदीवर जायची वाट तेव्हा करंज आणि बाभळीच्या दाटीतून होती. मी नऊ वर्षांची, तू चार. आई मला धुणं घेऊन नदीवर पाठवायची आणि तुला माझ्याबरोबर लावून द्यायची. जाताना तू पुढे पळायचास, मी मागून ओरडत. क्षणात नदी यायची. येताना ऊन झालेलं असायचं. तू पहिल्याच झाडाखाली बसकण मारायचास. मग ओल्या धुण्याचं गाठोडं डोक्यावर, तू कडेवर, आणि मी चालायची. दहा पावलं टाकली की तू झोपलेला. वाट सरायची नाही. म्हणून मी बोलायला लागले. नदी म्हणजे चांदवेल, घर म्हणजे खैरगड, आणि मधे हे रान, त्यात कंदीलवाले राहतात, दगडांना पालवी फुटते. स्वतःशीच बोलायची. बोललं की ओझं कमी लागायचं.

“दगडांना पालवी?” नाना म्हणाले. “ते तर मला सुचलं होतं. मी आठवीत होतो.”

“सुचलं नही तुले,” अक्का म्हणाल्या. “तू कानाशी झपेल व्हता.”

कानाशी झोपलेला होतास. समोरच्या घरात कुकरची शिट्टी झाली. नानांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत घातला. मला वाटलं ते आता रडतील, पण मी त्यांना पाच वर्षांत ओळखायला हवं होतं. ते एकदम उठले. डोळे चमकत होते.

“अक्का, जागेवर जाऊन बघावं लागेल.”

“आते? या उन्हात?”

“बूट घालूनच आलोय.”

आलेच होते. माझ्या ते लक्षात आलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वीचा तो दिवस मला तुकड्यातुकड्यानं आठवत नाही, सलग आठवतो. त्यानंतर बारावं प्रकरण झालं, तेरावंही झालं. त्यात कंदीलवाल्यांनी विहिरीला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर एकोणीस वर्षांनी आलं. रजिस्टर आता भडगावलाच असतं. अक्का मला निरोप पाठवतात, मी जातो, वाचतो, बेरजा तपासतो आणि डावीकडे खैरगडच्या बाजूला सही करतो. नानांना मी त्या दिवसानंतरही पुष्कळदा पाहिलं, दवाखान्यातही पाहिलं. पण डोळ्यांसमोर शेवटचे म्हणून येतात ते नाना त्या वाटेवरचे.

करंज आणि बाभळी आता नाहीत. घरं झाली आहेत, पिठाची गिरणी आहे, सिमेंटचा रस्ता आहे. जाताना अक्का हौसेनं पुढे आणि नाना त्यांच्या बरोबरीनं, ओठ हलवत, पावलं मोजत. वाटेत कुणी “नाना, कधी आले?” विचारलं तर बोट वर. नदीपाशी पोचल्यावर ते थांबले. “चारशे बारा.” मी वहीत लिहिलं. दोघं पाच मिनिटं पाण्याकडे बघत उभी राहिली. अक्कांनी वाकून पाण्याला हात लावला आणि तो पदराला पुसला.

परत निघालो तेव्हा ऊन चढलं होतं. शंभरेक पावलांवर अक्का थांबल्या. “तुम्ही व्हा पुढे, मी येते सावकाश,” म्हणाल्या. नानांनी त्यांची पिशवी घेतली, त्यांचा हात स्वतःच्या खांद्यावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं त्यांच्या कमरेला आधार दिला. मग दोघं चालायला लागली. पाव पाव पावलानं. मी मागे राहिलो. पुढे कॅनव्हासचे बूट आणि त्यांच्या शेजारी नऊवारीचा काठ. नाना आता मोठ्यानं मोजत होते आणि त्यांच्या मोजण्याच्या मधे मधे अक्का काहीतरी सांगत होत्या, चांदवेलच्या राणीचं काहीतरी, आणि नाना हसले की आकडा चुकत होता, आणि अक्का तो बरोबर करून देत होत्या.

ओट्याला पाय लागला तेव्हा नाना घामानं थबथबले होते.

“पाचशे सदुसष्ट,” ते म्हणाले. “जाताना चारशे बारा, येताना पाचशे सदुसष्ट. भाऊ, दोन्ही लिहा. दोन्ही कायम.”

आयुष्यात पहिल्यांदा मी एका अंतराचे दोन आकडे एकाखाली एक लिहिले आणि कुठल्यालाही काट मारली नाही. कमी-जास्त पत्रकाचा तो कोरा कागद बाहेर निघाला. नानांनी डावीकडे सही केली. अक्कांनी चष्मा सारखा करून उजवीकडे सही केली, एकोणीस वर्षांनी, तेच फळ्यावरचं अक्षर. आता शेवटचा रकाना राहिला.

“शेऱ्यात काय लिहू?” मी विचारलं. रकाना मोकळा सोडणं मला जमत नाही.

नानांनी पेन्सिलीची लाल बाजू पुढे केली, मग निळी. त्यांना शेरा सुचेना, हेही पहिल्यांदाच. अक्का लसणाची टोपली जवळ ओढत म्हणाल्या,

“लिखा भाऊ. येताना धाकला भाऊ जागा व्हता.”